जाईबाईंच्या वहीतली चार पानं

१

बुधवारी सकाळी जयवंत नाबर यांनी दादरच्या आपल्या कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा वही जागेवर नव्हती. शनिवारी दुपारी ती कुरियरने परत आली. पाठवणाऱ्याचं नाव खोटं, पत्ता खोटा, आत चिठ्ठी नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरा बांधलेला.

चोरीला गेलेली वस्तू आपल्या पायांनी परत आली की माणूस देवाला हात जोडतो आणि विषय सोडून देतो. जयवंतांना तो सोडता येईना. वहीची लेखिका मंगळवारपासून परळच्या इस्पितळात होती. जाईबाई, वय एकोणऐंशी. झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. ही वही तुमचीच ना, सगळी नीट आहे ना, असं त्यांना विचारायची सोय उरली नव्हती.

म्हणून त्यांनी आर्थर मिस्किटांना फोन केला. मिस्किटांनी एकतीस वर्षं पोलिसांसाठी हस्ताक्षरं तपासली होती. मृत्युपत्रं, धमकीची पत्रं, मरणापूर्वीच्या चिठ्ठ्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि दुसऱ्याचं अक्षर बघायचंच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण दादरला घरापासून कचेरी दहा मिनिटांवर, आणि जयवंतांचा आवाज फारच थकलेला होता.

कचेरी म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि अक्षदा नावाची एक संपादक. शनिवारी तिला सुट्टी असे, म्हणून जयवंत एकटेच होते. त्यांनी चहा सांगितला आणि सुरुवातीपासून सांगितलं. तीन वर्षं ते एक मालिका काढत होते, नर्तकींनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांची. पहिलं एका भरतनाट्यमच्या शिक्षिकेने लहान मुलांसाठी लिहिलं, हरवलेल्या घुंगराची गोष्ट. दुसरं साठी उलटलेल्या एका कथक नर्तकीचं, गुडघे गेलेल्यांनी खुर्चीत बसून कसं नाचावं याचं. तिसरं जाईबाईंचं. बत्तीस वर्षं लालबाग-परळच्या थिएटरांत लावणी नाचलेली बाई. तिने आपली हकीकत बारा प्रकरणांत लिहिली आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पाऊल शिकवलं. सात वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत कुणालाही घरच्या घरी करता यावं असं.

एकच वही, दुसरी प्रत नाही. फोटो काढायला त्यांची परवानगी नव्हती. सोमवारी वही हातात देताना त्या जयवंतांना म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या शब्दांवर नाचले. हे एक माझं आहे. ह्यात काना बदलायचा नाही, मात्रा बदलायची नाही."

आणि गुरुवारी एक नोटीस आली होती. जाईबाईंचा भाचा हितेंद्र याच्या वकिलाची. आपली मावशी निरक्षर आहे, पुस्तक दुसऱ्याच कुणीतरी लिहून तिच्या नावावर खपवलं जातंय, तेव्हा छपाई थांबवावी. जयवंतांना मिस्किटांकडून एक कागद हवा होता: वहीतलं अक्षर जाईबाईंचं आहे, खाली सही. ताडून बघायला त्यांनी जाईबाईंची जुनी पत्रंही काढून ठेवली होती.

मिस्किटांनी वीस मिनिटं पानं उलटली. कधी चष्मा काढून, कधी भिंग लावून. शेवटी वही मिटली.

"वही जाईबाईंचीच आहे," ते म्हणाले.

जयवंतांनी सुटकेचा श्वास सोडला.

"पण सगळी नाही."

२

अकराव्या प्रकरणाची चारही पानं नवीन होती. कुणीतरी शिवणीपाशी बारीक पट्टी ठेवून जुनी पानं कापली होती आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या वहीची पानं त्या पट्ट्यांवर चिकटवली होती. खळ लावून, कागद चुरगळू न देता. शाई तीच, अक्षर जवळपास तेच. लाल समासाची रेघ मात्र केसभर सरकली होती.

जयवंतांनी वाकून ती रेघ पाहिली. मग त्यांनी विचारलं, चारच पानं ना, बाकीच्या वहीबद्दल तरी लिहून द्याल? मिस्किटा म्हणाले, देईन, पण त्याचा उपयोग नाही. एक पान खोटं निघालं की कोर्टात सगळी वही खोटी. भाच्याचा वकील हेच तर म्हणणार, की बाकीची पानंसुद्धा कुणीतरी अशीच लिहिली.

म्हणजे खरं सांगितलं की पुस्तक मेलं. आणि खोटं सांगायला मिस्किटा त्या वयातही तयार नव्हते.

कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात असे आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. मंगळवारी कचेरीत तिघं येऊन गेली होती. हितेंद्र सकाळी भांडायला आला. जाईबाईंची शिष्या प्रिती अकराच्या सुमारास धावत आली, बाई कोसळल्या म्हणून सांगायला. अक्षदा नेहमीप्रमाणे दिवसभर कामाला होती. बातमी ऐकून जयवंत तसेच इस्पितळात पळाले, खोली उघडी टाकून. संध्याकाळी कपाट बघायचं कुणाला सुचणार? बुधवारी टाइप करणारा माणूस वही न्यायला आला, तेव्हा चोरी कळली.

पहिली दहा प्रकरणं अक्षदाने जाईबाईंच्या खोलीत बसून वाचली होती, लिहून होतील तशी. शेवटची दोन जाईबाईंनी एकटीने लिहिली. ती सोमवारपर्यंत कुणीच पाहिली नव्हती. जयवंतांनीही नाही.

मिस्किटांनी वही घरी नेली. सोबत मालिकेतली आधीची दोन पुस्तकं आणि त्यांच्या तपासलेल्या मुद्रितांचा एक गठ्ठा मागून घेतला.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर ते जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसले आणि पहिल्यापासून वाचू लागले. थोडंसं वाचून सोडायचं होतं. सुटलं नाही. बाई सरळ लिहीत होती, रडगाणं नाही, मिरवणं नाही. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी लिहिलं होतं: 'आता पुस्तक खाली ठेवा आणि उभे राहा. लाजू नका, कुणी बघत नाही.' अडुसष्ट वर्षांचे मिस्किटा टेबलाची कड धरून उभे राहिले. उजवा पाय पुढे, टाच टेकवा, मागे घ्या. त्यांची बायको ॲन्टोनेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, थोडा वेळ बघत राहिली, आणि डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल काय सांगितलंय एवढं विचारून परत आत गेली.

दुपारपर्यंत त्यांनी बाराही पावलं टाकून पाहिली. अकरा पावलं उजव्या पायाने सुरू होत होती. बाईंनी दुसऱ्या प्रकरणात लिहिलंच होतं, ढोलकीची पहिली थाप उजव्या पायाची. अकराव्या प्रकरणातलं पाऊल तेवढं डाव्या पायाने सुरू होत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना खटकली. तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'मास्तरांनी मला पाटी कशी दिली, ती गोष्ट पुढे सांगेन.' ती गोष्ट पुढे कुठेच नव्हती. उलट अकराव्या प्रकरणात लिहिलं होतं की आपल्याला लिहायला साक्षरता वर्गाच्या सुलभाताईंनी शिकवलं.

जाईबाई पेन दाबून लिहीत. अशा माणसाचं लिखाण खालच्या पानावर उमटतं. बाराव्या प्रकरणाचं पहिलं पान निम्मं कोरं होतं. मिस्किटांनी खिडकी बंद केली आणि टॉर्च पानाला जवळजवळ आडवी धरली. कोऱ्या जागेत खळगे दिसू लागले. चोरीला गेलेल्या पानाचे. पुष्कळसे एकमेकांत गुंतलेले होते. दोन ठिकाणी मात्र अक्षरं लागत होती. एका ठिकाणी 'मास्तर'. दुसऱ्या ठिकाणी 'शाम', आणि पुढे काहीतरी.

मग त्यांनी भिंगाखाली नवी पानं आणि जुनी पानं शेजारी धरली. नक्कल करणारा अक्षराचा आकार उचलतो. पेन कुठून कुठे न्यायचं ते मात्र त्याचा हात लहानपणी शिकलेला असतो, ते बदलत नाही. जाईबाई 'ळ' विचित्र काढत: दांडी वरून खाली नाही, खालून वर. एकतीस वर्षांत असा ळ त्यांनी पाहिला नव्हता.

खोट्या पानांवरचा ळसुद्धा खालून वर गेला होता.

३

सोमवारी ते करी रोडला हितेंद्रकडे गेले. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर त्याचं घर. पन्नाशीचा माणूस, विमा कंपनीत कामाला, त्या दिवशी मावशीच्या इस्पितळासाठी रजेवर. चार रात्री त्याने बाकड्यावर काढल्या होत्या. भांडायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

वही आपण नेली नाही, असं त्याने सांगितलं. न्यायचीच असती तर परत कशाला पाठवली असती? मिस्किटांना ते पटलं. वहीच नाहीशी झाली असती तर त्याचं काम वकिलाशिवाय झालं असतं.

मावशी निरक्षर आहे असं त्याला खरोखरच वाटत होतं का, ते त्यांनी विचारलं. हितेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला.

"सही करायची, तेवढं माहीत होतं. आमच्या घरात तिने कधी कागद-पेन हातात घेतलं नाही. घेऊन काय करणार होती? आमच्याकडे तिच्या नाचाचं नाव काढायचं नाही, असं होतं. आई काढू द्यायची नाही. नंतर मी."

त्याने मावशीला नाचताना पाहिलं होतं का?

"एकदाही नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने, न विचारता, त्याने सांगितलं की मुलीचं लग्न ठरतंय आणि मुलाकडचे लोक पुस्तकं वाचणारे आहेत.

त्याचं म्हणणं मिस्किटांनी ऐकून घेतलं. त्यांनी त्याच्याकडून पावतीच्या मागे एक वाक्य लिहून घेतलं, ज्यात तीन ळ होते. तिन्ही दांड्या वरून खाली आल्या होत्या.

४

प्रितीचा क्लास लालबागला, एका मंडळाच्या हॉलमध्ये. दुपारी तो रिकामा असे. ती इस्पितळातून थेट आली होती, डोळे सुजलेले. तिच्याविरुद्ध संशयाला जागा होती. जाईबाईंची पावलं पुस्तकात छापायला तिचा विरोध होता. पंधरा वर्षं घाम गाळून मी शिकले ते आता कुणीही दीडशे पानांत शिकणार, असं ती जयवंतांच्या तोंडावर बोलली होती.

ती ते नाकारत नव्हती. बाईंशी त्यावरून दोन महिने अबोला धरला होता, हेही तिनेच सांगितलं. अबोला रविवारी सुटला, आणि दोनच दिवसांनी, मंगळवारी, बाई पडल्या.

मिस्किटांनी वही उघडली आणि अकराव्या प्रकरणातलं पाऊल तिला करून दाखवायला सांगितलं. तिने एकदा वाचलं, एकदा केलं आणि अर्ध्यात थांबली.

"हे बाईंचंच आहे," ती म्हणाली. "झुलवा आहे हा. पण उलटा आहे. डाव्याचं उजवं झालंय सगळं."

"लिहिताना चुकलं असेल."

"बाईंचं? बाई झोपेतसुद्धा उजवा पायच पुढे टाकतील." तिने पुन्हा वाचलं. "मी त्यांच्या मागे उभी राहून शिकले. त्यांचा उजवा तो माझा उजवा. हे कुणीतरी समोर बसून बघितलंय. समोरून बघणाऱ्याला त्यांचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला दिसतो."

मिस्किटांनी मान हलवली. त्यांनाही तसंच वाटत होतं, पण त्यांना नाचातलं काही कळत नव्हतं.

बाईंना लिहायला कुणी शिकवलं, ते तिला माहीत नव्हतं. विचारलं की बाई हसायच्या आणि अकरावं प्रकरण होऊ दे, म्हणायच्या.

संध्याकाळी घरी आल्यावर मिस्किटांनी गुडघ्याला तेल चोळलं आणि जयवंतांनी दिलेला मुद्रितांचा गठ्ठा पुढे ओढला. छापखान्यासाठी समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा. जवळपास प्रत्येक पानावर तेच दोन शब्द: 'नवी ओळ', 'वगळा'. त्यांनी भिंग घेतलं.

ओळ. वगळा. ओळ. वगळा. सगळ्या दांड्या खालून वर.

मग त्यांनी घुंगराच्या गोष्टीचं पुस्तक उघडून त्याचं दुसरं पान पाहिलं. प्रकाशक जयवंत नाबर. खाली लहान टाइपात, संपादन: अक्षदा शामराव खानोलकर.

५

मंगळवारी त्यांनी जयवंतांना फोन करून कचेरीतून तासभर बाहेर जायला सांगितलं. अक्षदा एकटीच होती. सेहेचाळीस वर्षांची, केस अर्धे पांढरे, टेबलावर तीन पुस्तकांची मुद्रितं. अठरा वर्षं ती दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत होती. मिस्किटा समोर बसले तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी वही काढली नाही, भिंगही नाही.

"तुम्हाला अक्षर कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी," ती म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला कळलं.

मिस्किटांनी सावकाश सगळं सांगितलं. चोराला वही चोरायची नव्हती, तिच्यातली चार पानं काढून टाकायची होती, आणि ती बदलायला वेळ हवा होता. बुधवारी टाइप करणारा येणार म्हणून वही मंगळवारीच हलवावी लागली. हितेंद्रला पानं बदलायचं कारण नव्हतं, वहीच नाहीशी करून त्याचं काम झालं असतं. प्रितीने लिहिलं असतं तर पाय चुकला नसता. जाईबाईंसमोर बसून दीड वर्ष त्यांना बघणारी एकच व्यक्ती होती. खळ कशी लावावी हे जयवंतांनाही ठाऊक आहे, पण असा ळ काढायला कुणाला तरी सुरुवातीलाच हात धरून शिकवावं लागतं. जाईबाईंना आणि अक्षदाला तो एकाच माणसाने शिकवला होता.

"आणि तिसऱ्या प्रकरणात मास्तर राहून गेले," मिस्किटा म्हणाले.

"राहून गेले," ती म्हणाली. "अठरा वर्षांत इतकी ढोबळ चूक केली नव्हती मी." तिने डोळे चोळले. मग न थांबता, हळू आवाजात, ती बोलत राहिली.

सोमवारी दुपारी तिने अकरावं प्रकरण पहिल्यांदा वाचलं. शामराव खानोलकर, म्युनिसिपल शाळेत शिक्षक, राहणार शिवाजी पार्क. दर रविवारी सकाळी थिएटरात जाऊन बायकांना अक्षरं शिकवत. बाकीच्या गळाल्या, एक जाईबाई टिकल्या. सहा वर्षं. घरी ते शिकवणीला जातो असं सांगून निघत. अक्षदाच्या आईला आजही तेच माहीत होतं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई शहात्तर वर्षांची, अक्षदाने हात लावलेलं प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी.

"त्यात वाईट काही नाही, सर. तेच अवघड आहे. जाईबाईंनी लिहिलंय, मास्तरांनी हात धरला तो फक्त ळ काढताना. वाईट असतं तर आई रागावून मोकळी झाली असती. हे वाचून ती काय करेल? तिला वाटतं, ह्या माणसाच्या आयुष्यात आपल्याला ठाऊक नाही असं काहीच नव्हतं. तेवढंच तिच्याकडे उरलंय."

मूळ प्रकरणाच्या शेवटचं पाऊलही मास्तरांचं होतं, पायाच्या अंगठ्याने जमिनीवर ळ काढायचा. ते ठेवता येईना. म्हणून तिने आपण पाहिलेलं दुसरं पाऊल आठवून लिहिलं. दोन रात्री लागल्या. जाईबाई बऱ्या झाल्या असत्या तर तिने त्यांना सांगितलं असतं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, कदाचित नसतंही.

"मूळ पानं?"

तिने खालचा खण उघडून एक पाकीट टेबलावर ठेवलं. फाडता आली नाहीत, एवढंच बोलली. त्यानंतर तिने विचारलं, आता तुम्ही काय लिहून देणार.

मिस्किटांनाही तोच प्रश्न पडला होता. मूळ पानं परत चिकटवली तर वही पुन्हा शंभर टक्के जाईबाईंची होती आणि त्यांना सही करता येत होती. पण मग शिवाजी पार्कच्या त्या घरात पुस्तक जाणार होतं. पानं वगळून बारा प्रकरणांची अकरा करा, असंही सांगता आलं असतं. ते फार दमले होते, आणि दमलेल्या माणसाला सोपा मार्ग लगेच दिसतो.

"मला विचारू नका," ते म्हणाले. "वही जिची आहे तिला विचारा."

"त्यांना बोलता येत नाही."

"ऐकू येतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळेला ते दोघं परळला गेले. इस्पितळाचा जिना चढताना मिस्किटांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, अक्षदा कठड्याला धरून, एकेक पायरी तिरकी चढत होती. त्यांनी आपला वेग कमी केला. तसा तो फारसा नव्हताच.

बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर जाईबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा एका बाजूला उतरलेला, डोळे मात्र लख्ख. प्रिती त्यांचे केस विंचरत होती. हितेंद्र खाटेच्या पायथ्याशी उभा होता, हातात औषधांची चिठ्ठी.

अक्षदा स्टुलावर बसली. पानं आपण कापली, आपण बदलली, तुमच्या नावावर खोटं लिहिलं, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. प्रिती विंचरायची थांबली. हितेंद्र काहीतरी बोलणार होता, पण जाईबाईंनी डावा हात किंचित उचलला आणि तो गप्प झाला. त्यांची नजर अक्षदावरून हलली नव्हती. त्या नजरेत राग होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"वाचून दाखवते," अक्षदा म्हणाली. "मग तुम्ही ठरवा. खोडा म्हणालात तर खोडते, ठेवा म्हणालात तर ठेवते."

तिने चारही पानं वाचली. थिएटरच्या मागच्या खोलीतला रविवार, पावडरच्या डब्यावर टेकवलेली पाटी, पायात चाळ बांधून काढलेली पहिली अक्षरं. आपलं नाव स्वतः लिहिल्यावर जाईबाईंनी ते पुसायला कसा नकार दिला आणि मास्तर दुसरी पाटी कशी घेऊन आले. हितेंद्र ऐकता ऐकता खाटेच्या कडेला बसला होता.

पावलाच्या आधीच्या शेवटच्या ओळी वाचताना अक्षदाचा आवाज खाली गेला. 'अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनपासून मास्तर यायचे बंद झाले. निरोप नाही, चिठ्ठी नाही. माझे काय चुकले ते मला कधी कळले नाही.'

तिने पान मांडीवर ठेवलं.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या जूनमध्ये मी जन्मले. माझी दोन्ही पावलं आत वळलेली होती. आई सहा महिने अंथरुणातून उठली नाही. बाबा दर रविवारी मला घेऊन इथेच यायचे, परळला, प्लास्टर बदलायला. साडेतीन वर्षं. मी चालायला लागले त्यांच्या बोटाला धरून, तेव्हा लोकांना सांगायचे, पोरगी एक दिवस नाचेल. आम्हाला वाटायचं, चेष्टा करतात."

वॉर्डात दुसरीकडे कुणीतरी खोकत होतं. जाईबाईंनी मान हळूहळू वळवली आणि खाली, स्टुलाच्या पायाशी पाहिलं. अक्षदाच्या चपला जाड तळाच्या होत्या, एक दुसरीपेक्षा उंच. दीड वर्ष ती त्यांच्यासमोर मांडी घालून, पाय ओढणीखाली घेऊन बसली होती. जाईबाई फार वेळ त्या पायांकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी डावा हात पुढे केला. बोटं जुळवून, काहीतरी धरल्यासारखी. मिस्किटांनी खिशातली पेन्सिल दिली. कागद घसरत होता, तो हितेंद्रने दोन्ही हातांनी धरला. पेन्सिलीचं टोक आधी पहिल्या पानावर 'शामराव खानोलकर' या नावापाशी गेलं. अक्षदाने श्वास रोखला. टोक तिथे थोडं थांबलं, आणि नावाला न शिवता उचललं गेलं. हितेंद्रने शेवटचं पान वर आणलं. जाईबाईंनी ते वाक्य शोधलं, 'माझे काय चुकले' पासून 'कळले नाही' पर्यंत, आणि त्यावर एक रेघ ओढली. वाकडी, थरथरती, पण सबंध वाक्यावरून गेलेली. पुन्हा एकदा ओढली. पेन्सिल सोडून दिली आणि डोळे मिटले.

अक्षदाने नावाबद्दल विचारलं नाही. विचारायचं काही राहिलं नव्हतं.

हितेंद्र म्हणाला, वकिलाला तो फोन करेल. कुणी काही विचारलं नव्हतं. मिस्किटांनी पानं पाकिटात घातली. कागदावर सही करायला त्यांना आता अडचण नव्हती. खोडलेल्या ओळीपुढे तेवढं नोंदवावं लागणार होतं की ही रेघ लेखिकेनेच, डाव्या हाताने, तीन साक्षीदारांसमोर ओढली.

खाली फाटकाशी अक्षदाने टॅक्सी थांबवली. आज कचेरीला येणार नाही असं जयवंतांना सांगाल का, म्हणून तिने विचारलं. मिस्किटा म्हणाले, सांगतो. सोबत येऊ का घरापर्यंत, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"नको, सर," ती म्हणाली. "आई ह्या वेळेला जागी असते." टॅक्सीत बसताना तिने आधी एक पाय हाताने उचलून आत घेतला, मग दुसरा. "पुस्तक छापून येईपर्यंत थांबले तर तिला ते वाचावं लागेल. त्यापेक्षा मीच सांगते. बाबा कसे होते ते तिला नेहमी कुणालातरी सांगायचं असतं. आज मी सांगेन, ती ऐकेल."

टॅक्सी दादरच्या दिशेने गेली.